वाऱ्याचा हिशोब

चर्चच्या वहीत माझं नाव नाही.
‘भाते तुडवणारीस सहा मार्क,
जोड्यांचा एक जोड, नाताळला अर्धं पिंप खारी हेरिंग.’
बस, एवढीच मी.
त्याच पानावर, वर, ठसठशीत अक्षरांत
योब्स्ट आवरडीक, ऑर्गनवादक.
त्याच्यापुढचा आकडा मोठा आहे.
तो त्याला कधीच पुरा मिळाला नाही.

माझी जागा भिंतीमागे.
चामड्याचे चार भाते, उंदरांनी कुरतडलेले,
चार फळ्या.
एकीवर चढायचं, ती बसेपर्यंत दुसरीवर.
तेवीस वर्षं मी असा जिना चढतेय
आणि कुठल्याच मजल्यावर पोचले नाही.

तो मला दिसायचा नाही, पायांना कळायचा.
पाद्र्याशी भांडून आला की वारा भसाभस संपायचा.
एकच स्वर धरून बसला, फळी नखानखाने उतरली,
की समजावं, पोरीचा ताप अजून आहे.

तरुणपणी तो आल्प्स ओलांडून व्हेनिसला गेलेला.
येताना एक खोकला आणला आणि एक खोड:
गाणाऱ्यांचे दोन तांडे समोरासमोरच्या सज्जांत,
इकडून प्रश्न, तिकडून उत्तर,
आणि मधल्या पोकळीत देव,
कुणाकडे बघावं ते न कळून.
पाद्री म्हणाला, ही प्रार्थना आहे की मासळीबाजार?
आम्ही एल्बेकाठची माणसं. आम्हाला बाजारच आवडला.

मग लढाई आली आणि जायचं विसरली.
बारा पोरं गायची. प्लेगने पाच नेली,
दोन ढोल बडवायला स्वीडिशांबरोबर गेली.
तो दर रविवारी डोकी मोजायचा
आणि रात्री आठ आवाजांचं सहांत बसवायचा,
सहांचं तिघांत.
खोडायचा मात्र नाही. कोऱ्या ओळी तशाच ठेवायचा.
‘परत आली तर?’ म्हणायचा.
दर्शनी नळेही उतरवून नेले, गोळ्या ओतायला.
तो खर्ज कुठल्या शेतात
कुणाच्या बरगडीत जाऊन बसला, देव जाणे.

ऑर्गन लावताना मला नळ्या धरायला बोलवायचा.
‘गेशे, सगळे स्वर सगळ्यांशी नांदत नाहीत.
अकरा जोड्या सुखात ठेवायच्या
तर सगळी भांडणं बाराव्या जोडीच्या पदरात पडतात.
तिला आम्ही लांडगा म्हणतो.
तिकडे बोट न्यायचं नाही.’
आणि खरंच कधी नेलं नाही त्याने.
कुंपणाच्या अलीकडेच
एवढं हिरवं रान त्याला सापडायचं.

त्या हिवाळ्यात खरे लांडगे आले, दफनभूमीपर्यंत.
जमीन गोठलेली, खड्डे उथळ.
शेवटचा पोरगा, टिम्मे, नुकता आवाज फुटू लागलेला,
त्यालाही गुडघाभरच खणता आलं.
त्या रविवारी आवरडीक कुंपण ओलांडून गेला.
लांडगा रडला.
माझा एक पाय हवेतच राहिला,
वारा ओसरू लागला, तसा तो आवाज आणखीच उतरला,
आणि मी, देवा क्षमा कर, धावत दुसऱ्या फळीवर चढले.
मला तो संपायला नको होता.
खाली सात म्हाताऱ्या होत्या.
एकीनेही कान झाकले नाहीत.

पंचांनी दंड केला: बारा शिलिंग, बेसूर वाजवल्याबद्दल.
तेही वहीत आहे.

तो गेला तेव्हा कागदांची पेटी माझ्याकडे आली,
दुसरं घ्यायला कुणी नव्हतं.
चामडं महाग, भाते फाटलेले.
मी खळ शिजवली आणि एकेक पान
भेगांवर चिकटवलं, कोऱ्या ओळींसकट.

आता हॅम्बुर्गहून नवा आलाय, मऊ हातांचा.
परवा विचारत होता,
आवरडीकने काही लिहून ठेवलं नाही का?
मी म्हटलं, वारा हवाय ना? मग बसा जागेवर.
आणि पंचांना सांगा,
यंदाचे जोडे अजून आलेले नाहीत.